जूनच्या पहिल्या घंटेपर्यंत

जूनमध्ये शाळा उघडतील त्या सकाळी गिरगावापासून दादरपर्यंतच्या प्रत्येक शाळेत एका खोलीच्या दारावर समुपदेशकाचं नाव लागलेलं असलं पाहिजे. त्या खोलीला बंद होणारं दार हवं, आत दोन खुर्च्या हव्यात आणि त्यांतल्या एकीवर बसणाऱ्या माणसाकडे या कामाचं शिक्षण हवं. ज्या शाळेत हे दिसणार नाही तिच्या संस्थाचालकांची, मुख्याध्यापकांची आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार मुंबई शहरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. तिथे दाद लागली नाही तर प्रकरण उच्च न्यायालयात जाईल. मुदत एवढीच आहे. ती वाढवून मागायला कोणी येऊ नये.

मी कोणाच्या वतीने बोलते ते आधी सांगते. लालबाग-परळच्या पट्ट्यात मी एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्याबरोबर गिरगाव, दादर, करी रोडचे निवृत्त शिक्षक आहेत, पालक आहेत आणि आमच्याच वर्गातल्या बाकांवर बसून गेलेले, आज वकिली करणारे दोघे आहेत. आमच्याकडे लेटरहेड नाही. आमच्यातल्या कोणालाही निवडणुकीला उभं राहायचं नाही. वर्षभर आम्ही पालकसभांत बोललो, केबिनबाहेरच्या बाकड्यांवर बसलो, अर्ज दिले, पोच घेतली. सगळीकडून एकच उत्तर आलं: "बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण पद कुठे आहे?"

पद कुठे आहे ते आता नीट ऐका.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने एक निकाल दिला. विशाखापट्टणमला राहून नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्या निकालात देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश आहेत आणि या विषयावर कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. शाळा सरकारी असो वा खाजगी, पटावर शंभर किंवा त्याहून जास्त मुलं असतील तर मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यायचं आहे. हे सगळं होतंय की नाही ते पाहायला, तपासण्या करायला आणि तक्रारी घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असायची आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा आपला भाग मुंबई शहर जिल्ह्यात येतो. म्हणजे आपला दरवाजा फोर्टातल्या जुन्या जकात घराचा आहे आणि आम्ही तो ठोठावणार आहोत.

"शिक्षकेतर" या शब्दावर मला थांबायचं आहे, कारण त्यावर कोणी थांबत नाही. मधल्या सुट्टीत कोणतं मूल रोज डबा न उघडताच परत नेतं हे सगळ्यात आधी मावशींना कळतं. कोणता मुलगा तास सुरू झाल्यावरही शौचालयातून बाहेर येत नाही हे शिपाईमामा पाहतात. फी भरायला आलेल्या बापाच्या तोंडाला सकाळी अकरा वाजता दारूचा वास येतो हे क्लार्कला खिडकीतून कळतं. ही माणसं वर्षानुवर्षं हे पाहत आली आणि ते कोणाला, कुठल्या शब्दांत सांगायचं हे त्यांना कोणी शिकवलं नाही. न्यायालयाने त्यांनाही प्रशिक्षणात घेतलं, यावरून निकाल लिहिणाऱ्यांना शाळा कळते, असं मला वाटतं.

त्याच निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 सालचे आकडे आहेत. त्या वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या 2,248 मृत्यूंचं कारण परीक्षेतलं अपयश असं नोंदलेलं आहे. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर महाराष्ट्र आहे: 1,764. एवढ्या मुलांची हजेरी घ्यायची तर तीस-तीसचे जवळपास एकोणसाठ वर्ग भरतील. आपल्या शाळेत असं काही घडलेलं नाही असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे, की तुम्ही आजवर सुटलात, एवढंच. आणि वाईट वाटण्याची ही पहिली वेळही नाही. 2010 च्या जानेवारीत मुंबईत काही दिवसांच्या आत एकामागून एक मुलांनी जीव दिला, तेव्हाही शाळाशाळांत समुपदेशक नेमा म्हणून केवढी ओरड झाली होती. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज कॉलेज संपवून नोकऱ्या शोधत आहेत.

आता पळवाटेकडे वळते, कारण ती याच भागासाठी शिवल्यासारखी आहे. गिरगावातल्या वाड्या रिकाम्या झाल्या. खेतवाडी, फणसवाडी, ठाकूरद्वारची कुटुंबं विरार, बदलापूर, दिव्याला गेली. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि टॉवरमधली मुलं मराठी शाळेत येत नाहीत. परिणाम म्हणजे एके काळी दुबार भरणाऱ्या शाळांच्या मराठी माध्यमाचे वर्ग आज डझनभर मुलांवर चालतात. अशा शाळेचा चालक म्हणेल, आमचा पट शंभराच्या खाली आहे, आम्हाला समुपदेशक लागू नाही. काही जण तर प्राथमिकचा पट वेगळा, माध्यमिकचा वेगळा, मराठीचा वेगळा, सेमी इंग्रजीचा वेगळा असा हिशेब मांडतील आणि एकाच इमारतीतली अडीचशे मुलं कागदावर शंभराखाली आणतील. असा हिशेब ज्या संस्थेने केलेला आढळेल तिची तक्रार आम्ही सर्वांत आधी करू. एक फाटक, एक पाण्याची टाकी, एक मैदान असेल तर आमच्या दृष्टीने ती एक शाळा आहे.

आणि पट खरोखरच कमी असेल तर जोडणी कोणाशी करायची हा प्रश्न निदान या भागातल्या कोणी विचारू नये. परळला केईएम आहे, वाडियांचं मुलांचं रुग्णालय आहे. मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे. जे., थोडं पुढे शीवला लोकमान्य टिळक. गडचिरोलीच्या आश्रमशाळेने अडचण सांगितली तर मी मान खाली घालून ऐकेन. भारतमाताच्या सिग्नलपासून चालत केईएमला जाता येतं अशा ठिकाणच्या शाळेने तोंड उघडू नये. तिथल्या विभागप्रमुखांशी लेखी करार, महिन्यातले ठरलेले दिवस, मुलाला घेऊन कोण जाणार त्याचं नाव आणि त्या दिवशीची त्याची हजेरी न कापण्याचा आदेश, हे सगळं एका पानात मावतं. ते पान आम्हाला दाखवा.

आठवी ब मधला एक मुलगा मला झोपू देत नाही. त्याचं नाव लिहीत नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला इतरांच्या तिप्पट वेळ लागायचा. मी फळा पुसला की त्याचं अर्धं वाक्य वहीत लटकत राहायचं. "घर"चं "रघ" व्हायचं. तोंडी विचारलं तर शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या स्वारीचा सगळा मार्ग तो बोटाने नकाशावर दाखवायचा. मी त्याच्या डायरीत सलग तीन वर्षं एकच शेरा लिहिला: "हुशार आहे पण आळशी आहे." घरी त्या शेऱ्याचा त्याला मार बसत होता, हे मला नंतर कळलं. दहावीच्या वर्षी एका नव्या शिक्षिकेने त्याला रुग्णालयात न्यायला लावलं. अध्ययन अक्षमता निघाली. पण केसपेपर, तपासण्या, फेऱ्या यांत प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा बोर्डाचे फॉर्म भरून झाले होते. जादा वेळ नाही, लेखनिक नाही. दोन विषय राहिले. तो आज भाजी मार्केटमध्ये हमाली करतो, मला पाहिलं की वाकून नमस्कार करतो, आणि मला तो नमस्कार घेता येत नाही.

त्या मुलाचं निदान पाचवीत व्हायला काहीच हरकत नव्हती. जादा वेळ, लेखनिक या सवलती महाराष्ट्रात 1996 पासून आहेत. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये अध्ययन अक्षमता स्पष्टपणे आली. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणी लावायची का, हा जुना प्रश्न होता. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी 2015 पासून मराठीतही आहे. कायदा होता, चाचणी होती, रुग्णालय वीस मिनिटांवर होतं. शाळेत पाहायला माणूस नव्हता. मी होते, पण मला आळस आणि अक्षमता यांतला फरक ओळखायला कोणी शिकवलं नव्हतं, आणि साठ मुलांच्या वर्गात मी तो शोधायलाही गेले नाही. माझी चूक मी कबूल केली. आता ज्यांच्या हातात नेमणूक आहे त्यांनी आपली कबूल करावी.

शिक्षकांबद्दल बोलल्याशिवाय हा इशारा अर्धा राहील. एका शाळेत, जिचं नाव मी सांगणार नाही, नववीतल्या मुलाने रविवारी जीव दिला. सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता झाली आणि पहिला तास सुरू झाला. वर्गशिक्षिका माझी मैत्रीण. तिने हजेरीपट उघडला आणि सव्वीसनंतर सत्तावीस म्हणायला तिचं तोंड उघडेना. मुलं तिच्याकडे पाहत होती. तिने अठ्ठावीस म्हटलं. त्या दिवशी तिला कोणी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, वर्षभरात नाही. उलट चौकशीचा जबाब लिहायला तिला तीनदा बोलावलं, तू त्याला शुक्रवारी ओरडली होतीस का एवढंच विचारायला. ती वर्षभर झोपेच्या गोळ्या घेत होती आणि शिक्षकखोलीत डोकं दुखतं म्हणून सांगत होती. त्याच वर्गातल्या बाकीच्या मुलांचं काय झालं, तेही कोणी पाहिलं नाही. असा प्रसंग घडल्यावर शाळेत आठवडाभर कोणी बसायचं, मुलांशी कोणत्या शब्दांत बोलायचं, मेलेल्या मुलाच्या बाकावर कोणाला बसवायचं, या सगळ्याचं शास्त्र आहे. ते ज्याला येतं तो माणूस शाळेत नव्हता.

आणि अशा बाईंना आपण काय काय करायला सांगतो ते पाहा. मतदार याद्यांचं काम, जनगणना, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून पदं ठरवण्याच्या, निर्णयाने पट थोडा घसरला की पद जातं ही भीती प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवली. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झालं पाहिजे, नाहीतर नोकरी राहणार नाही. पन्नाशीला टेकलेले शिक्षक रात्री मुलांच्या वह्या बाजूला सारून स्वतः प्रश्नसंच सोडवत आहेत. परीक्षा असावी की नसावी हा वाद मी इथे घालणार नाही. पण धास्तावलेल्या माणसाच्या हाती धास्तावलेली मुलं दिल्यावर वर्गात काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. खडू फेकला जातो. आईबापांचा उद्धार होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केलेली आहे, आणि ती बंदी मला पूर्ण मान्य आहे. तिची अंमलबजावणी करायची असेल तर शिक्षकालाही जाऊन बसायला ती दुसरी खुर्ची लागेल. म्हणून आमची मागणी अशी आहे की समुपदेशकाच्या वेळापत्रकात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले तास असावेत आणि तिथे बोललेलं मुख्याध्यापकांच्या किंवा संस्थेच्या कानावर जाऊ नये. गोपनीय अहवालात तर त्याची सावलीही पडू नये.

खोट्या नेमणुकांबद्दल आताच बजावून ठेवते, कारण शाळा कशा चालतात ते मला ठाऊक आहे. पीटीच्या सरांना तीन दिवसांच्या शिबिराला पाठवून जूनमध्ये त्यांच्या नावापुढे समुपदेशक लिहिलंत तर आम्ही त्यांची पदवी विचारू. एकाच ताईंचं नाव सात शाळांच्या फलकांवर लागलेलं दिसलं तर त्या कोणत्या वारी कुठे असतात ते उभं राहून पाहू. वर्षातून एकदा सभागृहात दोनशे मुलांना बसवून 'तणावमुक्त परीक्षा' असं व्याख्यान घ्यायचं, फोटो काढायचा आणि अहवालात समुपदेशन झालं म्हणून लिहायचं, हा प्रकार तर आता बंद करा. दोनशे मुलांच्या समोर कोणतंही मूल हात वर करून म्हणत नाही, की माझा मामा मला त्रास देतो.

तो हात वर झालाच, तर पुढे काय करायचं हेही शाळेला माहीत असलं पाहिजे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या कायद्यात कलम 19 प्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाकडून घडलेली गोष्ट दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण खोलीतच मिटवायला समुपदेशक वापरणाऱ्या संस्थाचालकांनी हे कलम फ्रेम करून आपल्या टेबलासमोर लावावं.

आणखी एक गैरवापर होतो. कच्च्या मुलाला समुपदेशकाकडे पाठवायचं, दोन बैठकांनंतर त्याच्या आईला बोलावून सांगायचं की याला आमची शाळा झेपत नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. दहावीचा निकाल शंभर टक्के ठेवण्याचा हा मार्ग आहे. ज्या शाळेतून नववीनंतर मुलं अशी गळतात तिचं जनरल रजिस्टर आम्ही मागू आणि गेलेल्या एकेका मुलाच्या घरी जाऊ.

पैसा नाही, हे उत्तर महापालिकेने देऊ नये. 2025-26 चं तिचं शिक्षणाचं अंदाजपत्रक सुमारे 3,955 कोटींचं होतं. करी रोडला महादेव पालव मार्गावर त्रिवेणी संगम शाळेच्या इमारतीत शिक्षणाधिकारी बसतात. खिडकीतून खाली पाहिलं तर ज्यांच्याबद्दल मी लिहिते आहे ती मुलं त्यांना दप्तरं घेऊन जाताना दिसतील. त्यांनी आपल्या शाळांची यादी काढावी आणि प्रत्येक नावापुढे समुपदेशकाचं नाव लिहून ती जाहीर करावी. खाजगी संस्थांपैकी ज्यांची सभागृहं लग्नांना आणि प्रदर्शनांना, मैदानं क्लबांना भाड्याने जातात, त्यांनीही गरिबी सांगू नये. ज्या अनुदानित शाळांकडे हॉलही नाही आणि मैदानही नाही, त्यांची अडचण खरी आहे. वेतनेतर अनुदानात त्यांचं विजेचं बिल भागत नाही. त्यांच्यासाठी आमचा रोख चर्नी रोडला जवाहर बाल भवनात बसणाऱ्या शिक्षण उपसंचालकांकडे आणि त्यांच्यामार्फत मंत्रालयाकडे आहे. संचमान्यतेच्या तक्त्यात मुख्याध्यापक आहे, पर्यवेक्षक आहे, लिपिक आहे, शिपाई आहे. तिथे समुपदेशकाचा रकाना उघडा. तो उघडेपर्यंत शेजारच्या दोन-तीन शाळांनी मिळून पूर्ण वेळचा एक माणूस नेमला आणि त्याचे दिवस ठरवून दिले तर आम्ही त्या शाळांविरुद्ध एक ओळही लिहिणार नाही. करायची इच्छा दिसली पाहिजे.

लंडनच्या कौंटी कौन्सिलने आपल्या शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ नेमला त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. ते साल 1913. सिरिल बर्ट हे त्यांचं नाव; त्यांच्या पुढच्या संशोधनावर गंभीर आक्षेप आले, पण त्यांच्यासाठी काढलेलं पद टिकलं. हे परदेशातलं म्हणून सोडून द्यायचं तर नागपाड्याला चला. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेबरहूड हाऊसमध्ये 1936 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं, जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं. त्याच विद्यालयाने 1937 मध्ये मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र काढलं. लालबागहून ट्रॅम पकडून गिरणी कामगाराची बायको आपल्या अडखळत बोलणाऱ्या पोराला घेऊन तिथे जाऊ शकत होती. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी. आज तिच्या पणतवाच्या शाळेत त्याचं ऐकून घ्यायला कोणी नाही.

आणि तो पणतू कसल्या घरातून येतो ते ज्यांना फाइलीत दिसत नाही त्यांच्यासाठी लिहिते. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी इथल्या बीडीडी चाळींत एकशे साठ चौरस फुटांत तीन पिढ्या राहिल्या. त्यांतली काही कुटुंबं आता पाचशे फुटांच्या घरात गेली. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीत 556 जणांना चाव्या मिळाल्या, आनंदाची गोष्ट आहे. बाकीच्यांतली अनेक संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात आहेत. पाडकामाच्या नोटिशीने, भाड्याच्या चेकच्या वाटेने, भावकीतल्या हिश्श्याच्या भांडणाने ही घरं रात्र रात्र जागी असतात. गॅलरीत अभ्यास करणारं, शेजारच्या काकूंकडे जेवणारं मूल तेविसाव्या मजल्यावर गेलं की दार लावून एकटं बसतं. आधी चाळ त्याच्यावर नजर ठेवायची. आता ती नजर कोणाची? शाळेला हा प्रश्न स्वतःचा वाटला पाहिजे.

पालकांनाही मी सोडणार नाही. आपल्या मुलाला समुपदेशकाकडे पाठवलं म्हणून शाळेत येऊन "आमचा मुलगा वेडा आहे का?" असं ओरडणारे वडील मी डझनाने पाहिले आहेत. मुलाचा ताप अंगाला हात लावून कळतो आणि हा ताप कळत नाही, एवढाच फरक आहे. जूनमध्ये शाळेने माणूस नेमला आणि तुम्ही मुलाला त्या खोलीत जाऊ दिलं नाहीत, तर आमच्या भांडणाचा काही उपयोग होणार नाही. टक्के शेजाऱ्यांच्या मुलाशी ताडून पाहणं थांबवा. घरात कोणाचंही मन बुडताना दिसलं तर शाळेची वाट पाहू नका. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. हे दोन आकडे आजच फ्रीजवर चिकटवा.

आणि गणेशोत्सव मंडळांना एक विनंती, इशारा नव्हे. लालबाग-परळच्या मंडळांनी अभ्यासिका चालवल्या, डायलिसिसची केंद्रं काढली, पुरात ट्रक भरून धान्य पाठवलं. कोणी सांगायची वाट न पाहता केलं. आपल्या गल्लीतली शाळा तुम्ही ओळखता आणि तिच्या चालकांना तुमचा शब्द मोडता येत नाही. तो शब्द एकदा या कामासाठी टाका.

आता तारखा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या पट्ट्यातल्या अनुदानित शाळांकडे थेट, आणि विनाअनुदानित शाळांबाबत शिक्षण निरीक्षकांकडे, माहितीच्या अधिकारात अर्ज जातील. प्रश्न चार आहेत: पटावर मुलं किती, समुपदेशक कोण आणि त्यांची पदवी कोणती, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण गेल्या वर्षी कोणत्या तारखांना झालं आणि कोणी घेतलं, पट शंभराच्या खाली असेल तर जोडणीचं पत्र कुठे आहे. उत्तराला कायद्याने तीस दिवस आहेत. आलेली उत्तरं, न आलेली उत्तरं आणि खोटी उत्तरं यांच्या तीन वेगळ्या याद्या करून आम्ही त्या मे महिन्यात शाळांच्या फाटकांजवळ लावू, म्हणजे प्रवेशाला येणाऱ्या आईबापांना वाचता येतील. त्याच याद्या जुन्या जकात घरात जिल्हाधिकाऱ्यांना देऊ आणि समितीची बैठक कधी झाली, तिने किती शाळा तपासल्या, हे लेखी मागू. वकिलांनी याचिकेचा मसुदा करून ठेवला आहे. त्यात प्रतिवादींच्या नावांची जागा मोकळी आहे.

जूनच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं-दोघं एकेका शाळेत जाऊ. घोषणा देणार नाही, फाटक अडवणार नाही, मुलांना वर्गात जाऊ देऊ. प्रार्थना संपली की मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन नमस्कार करू आणि खोली दाखवा म्हणू.

मुख्याध्यापकांनी उठून आम्हाला त्या दारापर्यंत न्यावं. न्यायला दार नसेल तर त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा आमच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावा.